पडेगावचा चहा आणि जगाची कॉफी

छावणी ओलांडून दौलताबादच्या दिशेने निघालं की पडेगाव लागतं. आता त्याला गाव म्हणणं अवघडच आहे. शहर इथवर येऊन पुढे गेलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या वसाहती मिटमिट्याला जाऊन भिडल्या. वेरूळला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या, खुल्दाबादच्या उरुसाला जाणारे जायरीन, कन्नडकडून येणारे भाजीचे टेम्पो, छावणीतले जवान, कॉलेजची मुलं, सगळे याच रस्त्याने जातात. त्यातले बरेचजण चहाला थांबतात.

याच रस्त्यावर माझ्या थोरल्या भावाचं, भाईजानचं, चहाचं हॉटेल आहे. पत्र्याची शेड, चार लाकडी बाकं, काचेच्या बरणीत खारी आणि उस्मानिया बिस्किटं, आणि फजरच्या नमाजनंतर पेटलेली भट्टी. दूध आटत ठेवलेलं पातेलं आणि उकळत्या पत्तीचं पातेलं वेगवेगळं. ही पद्धत जुन्या हैदराबाद संस्थानातून आमच्या भागात रुजलेली. दहा रुपयांत कडक चहा मिळतो. ओळखीचा माणूस असेल तर वरून चमचाभर मलई पडते, तिचे पैसे लागत नाहीत.

गेल्या वर्षी भाईजानचा मुलगा जेद्द्याहून परत आला. सहा वर्षं तो तिथे एका आंतरराष्ट्रीय कॉफी कंपनीच्या दुकानात काउंटरमागे उभा होता. सोबत अकरा लाखांची बचत आणली आणि एक बेत आणला: पडेगावात कॉफी शॉप काढायचं. साधंसुधं नाही, मोठ्या कंपनीच्या नावाचं. एका कंपनीने फ्रँचायझीसाठी तीस लाखांचा आकडा सांगितला होता. उरलेले एकोणीस लाख बँकेतून काढायचे, नाहीतर मिटमिट्याजवळचा प्लॉट विकायचा. हा प्लॉट भाईजानने मुलीच्या शिक्षणासाठी आणि लग्नासाठी म्हणून ठेवलेला. ती बी.एड. करते आहे.

जुम्याच्या दिवशी जेवणानंतर घरात बैठक बसली. भाईजान एवढंच म्हणाले, "दो सौ रुपये की कॉफी पडेगाव में कौन पियेंगा?"

पुतण्या म्हणाला, "अब्बा, जेद्द्यात पितातच ना? पूर्वी तिथेही लोक असंच म्हणत असतील."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी निवृत्त शिक्षक. घरातला वाद मिटवायचा असला की मला पुस्तकं उघडायला लावतात. पंधरा दिवस वाचलं, विचारलं, पुतण्याकडूनही ऐकलं. त्यातून जे समजलं ते इथे लिहितो, कारण गल्फमधून बचत घेऊन परतलेली अशी मुलं आज अनेक घरांत आहेत आणि त्यांच्यापुढे असेच चकचकीत प्रस्ताव येत असतात.

जिथे कॉफी आधीच होती

आधी ऑस्ट्रेलिया. स्टारबक्स ही अमेरिकेतल्या सिएटलची कंपनी, कॉफीच्या दुकानांत जगात सर्वांत प्रसिद्ध. तिने 2000 मध्ये सिडनीत पहिलं दुकान उघडलं आणि झपाट्याने दुकानं वाढवली. 2008 पर्यंत ती 84 झाली. त्याच वर्षी कंपनीने त्यातली 61 एका फटक्यात बंद केली. श्रीमंत देश, कॉफीचे शौकीन लोक, तरी असं का झालं?

कारण तिथे कॉफी आधीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि ग्रीसमधून लाखो माणसं ऑस्ट्रेलियात जाऊन वसली. त्यांनी एस्प्रेसोची यंत्रं नेली, गल्लोगल्ली छोटी कॅफे उघडली. दोन पिढ्यांत तिथल्या माणसाला आपल्या कॅफेवाल्याचं नाव माहीत आणि कॅफेवाल्याला त्याची कॉफी माहीत. अशा गल्लीत जास्त पैसे घेऊन जास्त गोड कॉफी विकणारं अनोळखी दुकान आलं. लोकांना त्याची गरज पडली नाही. नंतर कंपनीने तिथला कारभार एका स्थानिक उद्योगसमूहाकडे सोपवला. आज दुकानं आहेत, पण पर्यटक आणि तरुण पोरं जिथे जमतात तिथेच जास्त.

भाईजानला हे सांगितलं तेव्हा त्यांनी पातेल्यातून मान वर न काढता म्हटलं, "हेच मी म्हणत होतो."

इटलीची गोष्ट याहून शहाणपणाची. स्टारबक्सला आजचं रूप देणारे हॉवर्ड शुल्ट्झ 1983 मध्ये मिलान शहरात गेले होते. तिथले कॉफी बार पाहून त्यांना या धंद्याची कल्पना सुचली. म्हणजे विद्या इटलीकडून घेतली. पण त्या देशात पहिलं दुकान उघडायला 2018 साल उजाडलं, पस्तीस वर्षं! इटलीत माणूस बारच्या काउंटरशी उभा राहतो, दोन घोटांची एस्प्रेसो पितो, एक-दीड युरो ठेवतो आणि कामाला लागतो. तिथे घाईने शिरलो तर हसं होईल, हे कंपनीला कळत होतं. म्हणून मिलानमध्ये जुन्या टपाल कार्यालयाच्या भव्य इमारतीत, डोळ्यांसमोर कॉफी भाजून दाखवणारं मोठं दालन उघडलं. रोजच्या एस्प्रेसोशी स्पर्धा न करता लोकांना बघायला बोलावलं.

व्हिएतनाम तर स्वतःच कॉफीचा मोठा उत्पादक. तिथे पेल्यावर ठेवलेल्या पत्र्याच्या छोट्या गाळणीतून कॉफी थेंबथेंब खाली घट्ट दुधात पडते आणि माणूस फुटपाथवरच्या बुटक्या स्टुलावर बसून वाट पाहतो. स्टारबक्स 2013 मध्ये तिथे गेली, पण गल्लीतल्या गाळणीची आणि तिथल्याच देशी कंपन्यांची जागा तिला घेता आली नाही.

आणि इथिओपिया, जिथून कॉफी जगभर गेली, तिथे स्टारबक्सचं दुकानच नाही. राजधानी अदिस अबाबात काल्दीज नावाची देशी साखळी चालते. काल्दी हा दंतकथेतला शेळ्या राखणारा पोरगा. त्याच्या शेळ्या एका झुडपाची लाल फळं खाऊन नाचायला लागल्या आणि त्यावरून माणसाला कॉफी कळली, अशी ती कथा. ही ऐकून माझी पुतणी हसली. आमच्या पडेगावातही सरकारी शेळी-मेंढी प्रक्षेत्र आहे. "चाचा, आपल्या शेळ्या नुसता बाभळीचा पाला खाऊन बसल्या," ती म्हणाली.

जिथे कॉफी होती, तरीही दुकान चाललं

आता पुतण्याची बाजू. जिथे कॉफी आधीच आहे तिथे परकी दुकानं बुडतात, एवढाच नियम असता तर तुर्कस्तान आणि सौदी अरेबियातही ती बुडायला हवी होती.

तुर्कांची कॉफी म्हणजे तांब्याच्या छोट्या जेझवेत मंद आचेवर चढवलेली, तळाशी गाळ राहणारी. 2013 मध्ये युनेस्कोने तिच्या परंपरेची जागतिक सांस्कृतिक वारशात नोंद केली. शिवाय तुर्क लोक चहाही एवढा पितात की माणशी चहात ते जगात आघाडीवर असतात. अशा देशात स्टारबक्स 2003 मध्ये गेली आणि आज तिथे तिची शेकडो दुकानं आहेत. जुन्या पद्धतीच्या कहवाखान्यांत पुरुष पत्ते खेळत बसत. कॉलेजची मुलगी पुस्तक घेऊन दोन तास बसू शकेल, अशी जागा कमी होती. ती या दुकानांनी दिली.

सौदी अरेबियात हेच आणखी ठळक दिसतं. अरबांचा कहवा म्हणजे फिकट भाजलेली कॉफी, वेलदोडा, कधी केशर, सोबत खजूर. दल्ल्यातून छोट्या फिंजानमध्ये ओततात, तेही थोडा थोडा. पाहुण्याने फिंजान हलवला की समजायचं, आता पुरे. 2015 मध्ये सौदी, अमिरात, ओमान आणि कतार या देशांनी मिळून या परंपरेची युनेस्कोकडे नोंद करून घेतली. सौदी सरकारने 2022 हे वर्ष 'सौदी कॉफीचं वर्ष' म्हणून जाहीर केलं आणि दुकानांनी या पेयाला अरबी कॉफी न म्हणता 'सौदी कॉफी' म्हणावं असा आदेशही काढला.

एवढा अभिमान असूनही जेद्द्यात, रियाधमध्ये परक्या कॉफीची दुकानं रात्री उशिरापर्यंत भरलेली असतात. हज-उमरा करून आलेल्यांनी मक्केत हरमला लागून असलेल्या क्लॉक टॉवरच्या इमारतीतही ती पाहिली असतील. पुतण्या सांगतो, "चाचा, घरी आलेल्या मेहमानाला कहवाच देतात. तिथे आमची कॉफी कुणी विचारत नाही. पण इशा झाली की घरातून बाहेर पडायचं तर जायचं कुठे? उन्हाळ्यात रात्रीही अंग भाजतं. मग लोक आमच्याकडे येतात."

सुरुवातीला या कंपनीने तिथे कितीतरी जुळवून घेतलं. तिच्या बोधचिन्हावर मत्स्यकन्येचं चित्र आहे. सौदीत काही काळ ते चित्र काढून नुसता मुकुट ठेवला होता. पुरुषांचं आणि कुटुंबांचं दालन वेगळं असे. 2019 मध्ये सरकारने वेगळ्या दरवाजांची सक्ती काढली. आता तिथल्या देशी साखळ्याही जोरात आहेत आणि परक्यांना दमवत आहेत.

चीनमध्ये असंच घडलं. तो देश चहाचा. स्टारबक्स 1999 मध्ये बीजिंगला गेली आणि शहरी तरुणांना तिने बसायला जागा दिली. 2000 मध्ये तिने थेट बादशहांच्या जुन्या राजवाड्याच्या आवारात, फॉरबिडन सिटीत, दुकान थाटलं. तेव्हा लोक चिडले आणि 2007 मध्ये ते दुकान बंद करावं लागलं. पुढे 2017 मध्ये लकिन नावाची देशी कंपनी सुरू झाली. छोटी दुकानं, मोबाइलवरून मागणी, कमी भाव. 2023 मध्ये दुकानांच्या संख्येत आणि विक्रीत लकिन चीनमध्ये स्टारबक्सच्या पुढे गेली. बसायची सवय परक्याने लावली, पण रोजची कॉफी देशी कंपनीने स्वस्त केली.

गिऱ्हाईक रागावतं तेव्हा

ऑक्टोबर 2023 नंतर गझातल्या कत्तलीमुळे जगभरच्या मुसलमानांनी, आणि इतरांनीही, काही अमेरिकी ब्रँडवर बहिष्कार घातला. त्यात स्टारबक्सचं नाव पुढे होतं. वास्तविक या कंपनीची इस्राएलमधली दुकानं 2003 मध्येच बंद झाली होती आणि आपण कोणत्याही सैन्याला पैसा पुरवत नाही, असं तिचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या तिच्या कामगार संघटनेने पॅलेस्टिनींच्या बाजूने लिहिल्यावर कंपनीने संघटनेवर दावा लावला, त्यातून राग भडकला. मलेशियात आणि अरब देशांत विक्री कोसळली. मध्यपूर्वेत तिची दुकानं चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने मार्च 2024 मध्ये दोन हजारांहून अधिक कामगार कमी करत असल्याचं सांगितलं.

बहिष्कार योग्य की अयोग्य, हा ज्याच्या त्याच्या जमीरचा प्रश्न आहे, आणि जुलमाविरुद्ध मन पेटणं हे जिवंतपणाचंच लक्षण आहे. मी दाखवतोय ते धंद्याचं अंग. परक्या नावाची पाटी लावली की त्या नावाचं बरंवाईट तुमच्या दारात येतं. निर्णय सिएटलमध्ये होतो आणि नोकरी जाते काउंटरमागच्या मुलाची. गल्फमध्ये तो मुलगा बहुधा भारतीय, नेपाळी नाहीतर फिलिपिनो असतो. पुतण्या यावर काही बोलला नाही. त्याचे दोन रूम-पार्टनर त्याच सुमारास घरी परतले होते.

आपल्या देशाचा हिशोब

भारतात स्टारबक्स टाटांशी निम्म्या-निम्म्या भागीदारीत आली. पहिलं दुकान 19 ऑक्टोबर 2012 रोजी मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन इमारतीत उघडलं. कॉफीचे दाणे इथलेच, टाटांच्या दक्षिणेतल्या मळ्यांतले. ही सगळी दुकानं कंपनी स्वतः चालवते, खासगी माणसाला फ्रँचायझी देत नाही. त्यामुळे कुणी या नावाची फ्रँचायझी मिळवून देतो म्हणाला तर सावध व्हावं.

दहा वर्षांनंतरही आपला देश चहाचाच राहिला हे कंपनीला मान्य करावं लागलं. म्हणून तिने भारतासाठी छोटा कप आणला, मसाला चहा ठेवला, दक्षिणेची फिल्टर कॉफी ठेवली. 2023 मध्ये तिच्या सर्वांत छोट्या कपाचा भाव 185 रुपयांपासून सुरू होत होता. भाईजानच्या हॉटेलात तेवढ्यात साडेअठरा चहा होतात.

देशी साखळीची कहाणी डोळ्यांत पाणी आणणारी आहे. चिकमंगळूरच्या मळेवाल्या घरातल्या व्ही. जी. सिद्धार्थ यांनी 1996 मध्ये बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं. त्यांनी लहान शहरांतल्या मुलांना पहिल्यांदा कॉफीच्या टेबलाशी बसवलं. 2019 मध्ये 1,700 हून अधिक दुकानं होती. पण डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याच वर्षी सिद्धार्थ यांचा मृतदेह नेत्रावती नदीत सापडला. पुढच्या चार वर्षांत दुकानं पाचशेच्या आत आली. कॉफी वाईट नव्हती, गिऱ्हाईकही होतं. कर्जाने मारलं.

हे वाचून दाखवलं तेव्हा घरात शांतता पसरली. व्याजाच्या पैशात बरकत नसते हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे ते मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातच दिसत होतं. भाईजान हळूच म्हणाले, "प्लॉट विकायचा नाही. बँकेतही जायचं नाही." पुतण्या उठून बाहेर गेला.

खुल्दाबादच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी मी त्याला मोटारसायकलवर मागे बसायला लावलं आणि आम्ही खुल्दाबादला निघालो. मिटमिटा गेलं, दौलताबादच्या किल्ल्याखाली सीताफळवाल्या बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, मग घाट चढलो. खुल्दाबादला लोक हजरत जरजरी जरबख्श यांच्या, बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यावर जातात, बादशहा औरंगजेबाच्या साध्या कबरीवर जातात. आम्ही मलिक अंबरच्या मकबऱ्यापाशी बसलो. तिथे वर्दळ नसते.

मी म्हटलं, "बेटा, तुला कॉफीचं दुकान काढायचंय ना, मग हा माणूस तुझा वडीलधारा."

मलिक अंबर इथिओपियाचा, म्हणजे कॉफीच्या मायदेशाचा. जन्म 1548 च्या सुमाराचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला तो येमेनच्या मोखा बंदरात, ज्या बंदरातून पुढे जगाला कॉफी गेली आणि ज्याच्या नावाची 'मोका' आजही प्रत्येक कॉफी शॉपच्या फळ्यावर असते. बगदादमार्गे तो दख्खनला आला, निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तीच पुढे औरंगाबाद झाली. पीटर व्हॅन डेन ब्रोके नावाचा डच व्यापारी 1617 मध्ये त्याला भेटला. मोख्यात अंबर 80 गिल्डरला विकला गेला होता, हे त्यानेच लिहून ठेवलं. आणि याच ब्रोकेने 1616 मध्ये मोख्याहून कॉफीची रोपं अ‍ॅमस्टरडॅमला नेली असं सांगितलं जातं.

कॉफी आणि आपली माणसं यांचं नातं फार जुनं. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून कहवा पीत. तिथून तो मक्केत आणि कैरोत पोचला. 1511 मध्ये मक्केतल्या खैर बेग या ममलूक अधिकाऱ्याने उलेमांना जमवून त्यावर बंदी घातली. कैरोहून आलेल्या हुकमात मात्र पेयावर सरसकट बंदी नव्हती. राग होता तो त्याभोवती जमणाऱ्या मैफलींवर. पुढे इस्तंबूलमध्ये 1554 च्या सुमारास दोन शामी व्यापाऱ्यांनी कहवाखाने उघडले आणि 1633 मध्ये सुलतान चौथ्या मुरादने ते बंद करवले. त्यालाही भीती होती ती तिथे बसून बोलणाऱ्या लोकांची.

हाजी बाबा बुडन यांनी मोख्याहून सात दाणे लपवून आणले आणि चिकमंगळूरच्या डोंगरात लावले, ही परंपरेने चालत आलेली गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. त्यांच्या नावाच्या डोंगरावर आजही हिंदू-मुसलमान दोघे जातात. पण फार थोड्यांना ठाऊक आहे की दिल्लीच्या चांदणी चौकातल्या कहवाखान्यांचं वर्णन आपल्या दख्खनच्या माणसाने लिहिलंय. दर्गाह कुली खान हे आसफजाह निजामासोबत 1738 मध्ये दिल्लीला गेले. 'मुरक्का-ए-दिल्ली' या त्यांच्या फारसी पुस्तकात कहवाखान्यात रोज जमणाऱ्या शायरांची हकीकत आहे. हेच पुढे औरंगाबादचे सुभेदार झाले.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे चाचा, लोक कॉफीसाठी येतच नाहीत. बसायला येतात."

मी म्हटलं, "मला तरी तेवढंच कळलं. ऑस्ट्रेलियात बसायला जागा होती, म्हणून परक्याचं दुकान पडलं. जेद्द्यात नव्हती, म्हणून चाललं. आता पडेगावात काय आहे नि काय नाही, ते बघ."

भाभींचं एक वाक्य

घरी परतलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. पुतण्याने हाच प्रश्न जेवताना सर्वांपुढे ठेवला: पडेगावात बसायला जागा कुणाला नाही? भाईजान म्हणाले, माझ्या बाकांवर सगळे बसतात. ड्रायव्हर बसतात, जवान बसतात, मास्तर बसतात.

भाभी रोट्या वाढत होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "छब्बीस बरस से तुम्हारे हॉटेल की चाय पी रही हूँ. बैठ के एक दिन भी नहीं पी."

कुणालाच उत्तर सुचलं नाही. रोज चार वाजता हॉटेलातून घरी चहाचा थर्मास येतो. घर हॉटेलपासून पन्नास पावलांवर आहे. सव्वीस वर्षांत भाभी त्या बाकावर कधी बसल्या नाहीत आणि आम्हा दोघा भावांच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मग पुतणी बोलली. कॉलेजच्या सहा-सात मैत्रिणी सराव पाठाच्या तयारीसाठी एकत्र बसायचं म्हणतात, पण घरात जागा नाही, मशिदीच्या ओट्यावर मुलं असतात, आणि शहरातल्या मॉलमध्ये जायचं तर रिक्षाचे पैसे आणि वर अडीचशेची कॉफी. शेवटी त्या बसस्टॉपवर उभ्या राहून बोलतात.

जुन्या मुंबईतल्या इराण्यांच्या हॉटेलात लाकडी पार्टिशनची 'फॅमिली रूम' असायची. त्या माणसांना हे शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं.

हॉटेलच्या मागे सिलिंडर आणि साखरेची पोती ठेवायची एक खोली आहे. तिला गल्लीच्या बाजूने स्वतंत्र दार आहे, ते वर्षानुवर्षं बंद होतं. त्या रात्री पुतण्याने टॉर्च घेऊन खोली मोजली. बारा बाय चौदा.

पुढचं थोडक्यात सांगतो. फ्रँचायझी घेतली नाही, बँकेत गेलो नाही, प्लॉट जागेवर आहे. अकरा लाखांतले पावणेतीन लाख लागले: रंग, पंखे, चार टेबलं, सोळा खुर्च्या, स्वच्छ संडास आणि सेकंडहँड यंत्र. संडासाचा आग्रह भाभींचा. "औरतें सबसे पैले वोच देखते," त्या म्हणाल्या. पाटीवर कुणाचं परकं नाव नाही. कॉफी चिकमंगळूरच्या दाण्यांची, चाळीस रुपये. आमच्याकडच्या बायकांना लग्नघरची जायफळ घातलेली कॉफी आवडते म्हणून तीही ठेवली. चहा दहाच रुपयांना, भाईजानच्याच भट्टीवरचा.

चालेल का, ते अल्लाहला ठाऊक. पहिल्या महिन्यात खर्च निघाला, दुसऱ्यात थोडा तोटा झाला, तिसरा रमजानचा होता. तेव्हा दिवसभर बंद आणि तरावीहनंतर दोन तास उघडं. त्या दोन तासांत मात्र खुर्च्या कमी पडल्या. गल्लीतल्या काही बुजुर्गांनी आक्षेप घेतला, की बायकांनी असं बाहेर बसावं का? भाईजानने त्यांना वाद घालून उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्या बायकांना चहाला बोलावलं. त्यातल्या दोघी आता शनिवारी येतात, शाळा सुटल्यावर. एक पुतणीला गणित समजावते.

इथिओपियात कॉफी एका बैठकीत तीनदा देतात. तिन्ही वेळच्या कॉफीला वेगवेगळी नावं आहेत: पहिलीला अबोल, दुसरीला तोना आणि तिसरीला बरका. तिसरा शब्द आपलाच, बरकत. तो कप होईपर्यंत पाहुण्याने उठायचं नसतं. पुतण्याला हे नाव फार आवडलं. पाटी रंगवणारा आला तेव्हा त्याने तेच लिहून घेतलं: 'बरका'. खाली बारीक अक्षरांत, भाभींच्या सांगण्यावरून: 'बसायला जागा आहे'.